गुरुवारची वीस मिनिटं

"मी सकाळी बसणार नाही," शिंगटेकाका म्हणाले. "सकाळचं मला बसवत नाही."

"अहो काका, संप आहे हा," पाटोळे अण्णा म्हणाले. "बसायचंच काम आहे आपल्याला."

"काम आहे ना? मग सिनिऑरिटी लावा. एकोणतीस वर्षं स्टेअरिंग धरलंय मी. ड्यूटी निवडायचा पहिला हक्क माझा. मी दुपारची घेणार. पंख्याखालची."

मंडपात पंखा एकच होता आणि तोही वारा नसला की फिरायचा, कारण वारा असला की वायर हलून बंद पडायचा. संपाचा नववा दिवस होता. एप्रिल होता. डेपोच्या फाटकासमोर आम्ही कापडाखाली बसलो होतो आणि घोषणा द्यायचा इतका कंटाळा आला होता की 'झिंदाबाद' म्हणताना लोक जांभया देत होते.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी आमच्या शहराच्या बससेवेत होतो, जुना जकात नाका डेपोत. माझं नाव दिनकर कोष्टी. हुद्दा कंडक्टरचा, पण डावा गुडघा गेल्यापासून दोन वर्षं मी ड्यूटीच्या टेबलावर होतो. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर, कुठला कंडक्टर, कोण किती वाजता चढणार, कोण कधी उतरणार, हे सगळं तक्त्यात मांडायचं. डेपो मॅनेजर निंबकर साहेबांची खुर्ची माझ्या शेजारी. साहेबांना तक्ता कळत नसे, पण त्यावर सही फार सुंदर करायचे.

संप कशावर होता, तर 'तुकडा ड्यूटी'वर. पूर्वी सरळ आठ तास असायचे. सकाळी आलात की दुपारी मोकळे. नव्या तक्त्यात आठ तासांचे दोन तुकडे केले होते. सकाळी साडेपाच ते साडेनऊ, मग संध्याकाळी चार ते आठ. मधले साडेसहा तास तुमचे. म्हणजे कुणाचेच नाहीत. आमच्या कंडक्टर ढवळेबाई बावीस किलोमीटरवरून यायच्या. त्या म्हणायच्या, "घरी जाऊन कुलूप उघडायचं, आत डोकावायचं, घर आहे का बघायचं, परत कुलूप लावायचं आणि निघायचं."

तक्ता मुख्य कचेरीचा शिक्का मारून आला होता. वर छापलं होतं, 'शास्त्रीय वेळापत्रक'. त्यामुळे तो कुणीतरी वरच्या कॉम्प्युटरवाल्यानं केला, हे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मग रोज मंडपात त्या कॉम्प्युटरवाल्याचा उद्धार चालायचा.

"त्याला एक दिवस माझ्या बॉनेटवर बसवा," शिंगटेकाका म्हणायचे. "मे महिन्यात."

"त्याच्या बायकोला सांगा याचं जेवणपण दोन तुकड्यांत द्यायला," ढवळेबाई म्हणायच्या. "सकाळी भात, संध्याकाळी आमटी."

मीपण मान हलवायचो. हसायचो. पाण्याचे ग्लास भरून वाटायचो.

तो कॉम्प्युटरवाला मी होतो.

झालं असं होतं, की जानेवारीत निंबकर साहेब म्हणाले, "कोष्टी, वरून निरोप आहे. गाड्या तेवढ्याच धावल्या पाहिजेत आणि अकरा ड्रायव्हर कमी लागले पाहिजेत. जमतंय का बघता?" मी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलो. सकाळी गर्दी, संध्याकाळी गर्दी, दुपारी गाडीत आम्ही आणि माश्या. दुपार कापून टाकली की सगळं जुळत होतं. एका संध्याकाळात तक्ता असा बसला की कुठं सुई घालायला जागा नाही. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी जिलबी नेली. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, एक गणित सुटलं."

साहेबांनी तो वर पाठवला. वर कुणीतरी तो टाइप केला, शिक्का मारला आणि खाली धाडला. भिंतीवर लागला तेव्हा स्वतःचाच शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं मला झालं. पण तोवर पहिली शिवी पडून गेली होती, आणि शिवी पडल्यावर हा शर्ट माझा आहे असं कोण म्हणतं?

भीती मला एकाच माणसाची होती. रज्जाक मुजावरची. टेबलावर येण्याआधी अकरा वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो. तो पुढं, मी मागं. रज्जाक फार बोलायचा नाही, पण विचारलं तर सरळ विचारायचा, आणि त्यानं सरळ विचारलं की मला खोटं बोलता यायचं नाही. म्हणून नऊ दिवस मी त्याच्या शेजारी बसलोच नाही. पाणी वाटत राहिलो. इतकं पाणी मी वाटलं की फाटकाशेजारच्या मुतारीत कायम रांग असायची.

आता बसायच्या ड्यूट्यांचं भांडण का निघालं, तेपण सांगतो. सातव्या दिवशी दुपारी ऊन इतकं होतं की एकेक जण 'जेवून येतो' म्हणत उठला. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे आहेतच. दोन वाजता मंडपात फक्त एक कुत्रं उरलं, आणि तेही अध्यक्षांच्या खुर्चीत. निंबकर साहेब बाहेर आले, त्यांनी फोटो काढला आणि वर कळवलं, 'मंडप रिकामा.' वरच्यांनी पेपरला कळवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'बस कामगारांचा संप मागे'.

सकाळी सहापासून शहरातल्या सगळ्या स्टॉपवर माणसं डबे घेऊन उभी. नऊपर्यंत उभी राहिली. मग ती सगळी चालत आमच्या डेपोवर आली. त्यांनी आधी आम्हाला शिव्या दिल्या, मग आत जाऊन साहेबांना दिल्या. एक आजोबा म्हणाले, "मला काही माहीत नाही, मला सिव्हिल हॉस्पिटलला सोडा," आणि उभ्या बसमध्ये जाऊन बसले. साहेब घाबरून आमच्या युनियनच्या खोलीत शिरले. पाटोळे अण्णाही तिथंच शिरले होते. दोघांनी आतून कडी लावली. बोलणी व्हावीत म्हणून आठ दिवस प्रयत्न चालू होते, ती अशी झाली. पाऊण तास दोघं आत होते, आणि अण्णा म्हणतात, ते फक्त पंख्याबद्दल बोलले.

तेव्हा अण्णांनी ठरवलं, की आता शिस्तीत बसायचं. कोण कधी बसणार याचा तक्ता लावायचा. आणि मंडपभर नजर फिरवून म्हणाले, "कोष्टी, तुझा हात बसलेला आहे. कर."

मी म्हणालो, "दुसरं कुणीतरी..."

"दुसऱ्या कुणाला येतं का?"

कुणालाच येत नव्हतं. मी वहीचा मधला जोडकागद काढला आणि बसलो. रोज येणारे सत्तरच उरले होते, बाकीचे गावाकडं गेले होते. आता गर्दी कधी दिसली पाहिजे? सकाळी पेपरवाले येतात तेव्हा. आणि संध्याकाळी लोक कामावरून परततात तेव्हा. दुपारी कोण बघतंय? दहा माणसं पुरे. म्हणजे बाकीचे साठ जण सकाळी सात ते दहा, आणि तेच साठ संध्याकाळी पाच ते आठ. तासाभरात तक्ता झाला. छान बसला. मी तो बांबूला टाचणीनं लावला.

शिंगटेकाकांनी चष्मा लावून तो वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"हे तर तेच आहे."

"काय?"

"सकाळी बसा, मग घरी जा, मग परत या. अरे ही तुकडा ड्यूटी आहे! तुकडा ड्यूटीविरुद्ध बसायला तुकडा ड्यूटी लावली यानं!"

मग जो गोंधळ झाला तो नऊ दिवसांत झाला नव्हता. संपाला जान आली. जो तो तक्त्यावर बोट ठेवून ओरडत होता. एकानं साप्ताहिक सुट्टी मागितली. एक म्हणाला, मला सलग संप द्या, मी एकदम आठ तास संप करीन पण तुकड्यात करणार नाही. शिंगटेकाका खुर्चीवर चढले आणि अण्णांकडं तोंड करून ओरडले, "तुकडा ड्यूटी!"

अण्णांचा वीस वर्षांचा सराव. मूठ आपोआप वर गेली आणि तेच सगळ्यांत आधी ओरडले, "रद्द करा! रद्द करा!"

मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली बसले.

एवढ्यात ढवळेबाई, ज्या अजून तक्ताच वाचत होत्या, म्हणाल्या, "आणि कोष्टी, हे काय हो? गुरुवारी सगळ्यांनी वीस मिनिटं आधी यायचं? सहा-चाळीसला?"

मी बघितलं. खरंच लिहिलं होतं.

आमच्याकडं गुरुवारी रेल्वे फाटकापाशी जनावरांचा बाजार भरतो. म्हशी रस्त्यावरच उभ्या असतात, हॉर्न त्यांना ऐकू येत नाही, आणि आला तरी त्या मनावर घेत नाहीत. म्हणून गुरुवारी आमच्या गाड्या वीस मिनिटं आधी काढाव्या लागतात. तेरा वर्षं माझ्या हाताला ती सवय. गुरुवारचा रकाना आला की हात वीस मिनिटं मागं जातो.

"अहो, पण मंडप कुठं जाणार आहे गुरुवारी?" ढवळेबाई म्हणाल्या. "याला म्हशी आडव्या येणार आहेत का?"

सगळे हसले. खरंच हसले. शिंगटेकाका खुर्चीवरून उतरताना हसत होते, अण्णा डोळे पुसत होते. मीपण हसलो. "सवयीनं पडलं हातून," म्हणालो.

रज्जाक हसला नाही. तो उठला, माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "चल, चहा घेऊ."

चहाची गाडी रस्त्यापलीकडं होती. त्यानं दोन सांगितले, एक माझ्या हातात दिला.

"भिंतीवरच्या तक्त्यातपण गुरुवारी वीस मिनिटं आधी आहे," तो म्हणाला.

मी चहावर फुंकर घातली.

"मी पहिल्या दिवसापासून विचार करतोय, दिनू. वरच्या साहेबाला आपल्या म्हशी कशा माहीत?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

"रज्जाक, मला साहेबांनी सांगितलं. मी फक्त आकडे मांडले. तक्त्यात माणूस नसतो, नंबर असतात. चौदा नंबर, पंधरा नंबर..."

"चौदा माझी आहे," रज्जाक म्हणाला. "संध्याकाळी चार ते आठ. शमीमला अंधार पडला की दिसत नाही. दोन वर्षं झाली. गॅसपाशी मी तिला एकटं सोडत नाही. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू टेबलावर गेल्यापासून आपलं बोलणंच कुठं होतं?"

शमीम म्हणजे त्याची बायको. चहा गार झाला.

"परवा बैठक आहे," तो म्हणाला. "मुख्य कचेरीचे साहेब येणारेत. ते म्हणणार, तज्ज्ञांनी केलंय, बदलता येणार नाही. तू सांग, तज्ज्ञ कोण आहे ते."

"माझी खुर्ची जाईल."

"जाईल."

"गुडघा..."

"गुडघ्याला मी काय करू?"

"आणि हे सगळे? हे काय म्हणतील?"

"शिव्या देतील. आत्तापण तुलाच देतायत. फक्त नाव माहीत नाही त्यांना."

दोन दिवस मी एक वाक्य घोकत होतो. 'साहेब, हा तक्ता कुठल्याही तज्ज्ञानं केलेला नाही, तो मी केला आहे.' आंघोळ करताना म्हणायचो, जेवताना म्हणायचो. बायकोनं विचारलं, "काय पुटपुटताय?" मी म्हणालो, "काही नाही."

बैठक निंबकर साहेबांच्या खोलीत झाली. मुख्य कचेरीचे देवस्थळी साहेब आले होते. थकलेला माणूस. दहा दिवस त्यांनापण झोप नव्हती, हे डोळ्यांवरून दिसत होतं. आमच्या बाजूनं पाटोळे अण्णा, ढवळेबाई आणि तक्ता वाचता येतो म्हणून मी. बाकीचे बाहेर, खिडकीच्या गजांना चिकटून. रज्जाक सगळ्यांत पुढं.

अण्णांचा मुद्दा एकच होता, आणि तो चांगला होता. "साहेब, ज्यानं हा तक्ता केला त्यानं आमचा डेपो बघितलेला नाही. कामगारांना कुणी विचारलेलं नाही. न विचारता केलेलं आम्हाला मान्य नाही."

देवस्थळी साहेबांनी शास्त्राबद्दल सांगितलं. सहा महिने अभ्यास झाला, म्हणाले. अण्णांनी तोच मुद्दा परत सांगितला. साहेबांनी परत शास्त्र सांगितलं. असं तास-दीड तास चाललं. मी ऐकत नव्हतो. मी वाक्य जुळवत होतो. निंबकर साहेब टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते, जणू ते पळून जाईल.

शेवटी देवस्थळी साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले, फाईल मिटली आणि म्हणाले, "हे बघा पाटोळे, कामगारांना विचारायला हवं होतं, हे मला..."

तेव्हा माझं वाक्य तयार झालं. मी उभा राहिलो. खिडकीत रज्जाक दोन्ही हात खाली दाबून काहीतरी सांगत होता. मला वाटलं, तो म्हणतोय, शांतपणे बोल.

"साहेब," मी म्हणालो, "हा तक्ता कुठल्याही तज्ज्ञानं केलेला नाही. तो मी केला आहे. याच खोलीत. एका संध्याकाळात. पेन्सिलनं."

बाहेरच्या मुतारीचा नळ ऐकू यायला लागला.

देवस्थळी साहेबांनी चष्मा परत लावला.

"आपण कोण?"

"कोष्टी. कंडक्टर. तेरा वर्षं."

"कंडक्टर? म्हणजे कामगार?"

"हो."

"युनियनचे सभासद?"

"हो साहेब."

"आणि हा तक्ता तुम्ही केला? डेपोत बसून?" त्यांनी फाईल उघडली. "मग मला सांगा, हे गुरुवारी वीस मिनिटं आधी, हे काय आहे? आमच्याकडं कुणालाच उलगडत नव्हतं."

"म्हशी आहेत साहेब."

मी सगळं सांगितलं. बाजार, फाटक, हॉर्न. देवस्थळी साहेब ऐकत गेले आणि त्यांच्या तोंडावरचा दहा दिवसांचा थकवा माझ्यासमोर उतरत गेला. शेवटी ते अण्णांकडं वळले, अगदी प्रेमानं.

"पाटोळे, तुम्ही म्हणता कामगारांना विचारलं नाही. अहो, कामगारानंच केलाय! म्हशींसकट!"

मला अजून आठवतं, अण्णांनी मला शिवी दिली नाही. ते फक्त म्हणाले, "एक मिनिट थांबला असतास, कोष्टी. ते देत होते."

मी खिडकीकडं बघितलं. रज्जाकचे हात गजांवर होते. तो मला 'बस' म्हणत होता, हे मला तेव्हा कळलं. मग तो खिडकीपासून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'बस कामगारानेच आखले वेळापत्रक'. बाराव्या दिवशी संप मिटला. तुकडा ड्यूटी राहिली. मधल्या वेळात बसायला नऊ बाकडी मिळाली. अण्णांनी फाटकासमोर भाषण केलं आणि नऊ बाकडी हा आपला विजय आहे, असं म्हणाले. कुणी टाळी वाजवली नाही. मंडपवाला कापड उतरवत होता, ते तो भाषण संपायची वाट न बघता अण्णांच्या डोक्यावरूनच उतरवत होता.

माझा सत्कार झाला. 'स्थानिक अनुभवाचा आदर्श वापर' असं लिहिलेलं प्रशस्तिपत्रक निंबकर साहेबांनी मला डेपोच्या आवारात दिलं. टाळ्या वॉचमननं वाजवल्या, कारण त्याला साहेबांनी तसं सांगून ठेवलं होतं. एकटाच वाजवत होता बिचारा, आणि कधी थांबायचं ते त्याला सांगितलं नव्हतं.

मी साहेबांच्या मागोमाग खोलीत गेलो. म्हणालो, "साहेब, मला परत गाडीवर टाका."

"का हो? तुम्ही तर आता... वर नाव आहे तुमचं."

"गाडीवर टाका."

"आणि गुडघा?"

"आहे तिथंच आहे."

साहेबांनी तक्ता पुढं ओढला. "कुठली देऊ?"

"चौदा नंबर."

सोमवारी पहाटे साडेपाचला मी चौदा नंबरवर चढलो. रज्जाक सीटवर होता. त्यानं आरशातून मला बघितलं आणि गाडी सुरू केली. चार तासांत तो एक शब्द बोलला नाही. मी बेल दिली की तो निघायचा, बेल दिली की थांबायचा. अकरा वर्षं आम्ही तेच केलं होतं, पण तेव्हा मध्येमध्ये एखादी शिवी तरी असायची.

साडेनऊला गाडी डेपोत लागली. सगळे विश्रांतीच्या खोलीत गेले. मीपण गेलो. नऊ बाकडी होती आणि पस्तीस-चाळीस माणसं. शिंगटेकाका एका बाकड्यावर आडवे झाले होते, सिनिऑरिटीनं. ढवळेबाई भिंतीला टेकून, मांडीवर तिकिटांची पिशवी ठेवून, बसल्याबसल्या झोपल्या होत्या. झोपेतही पिशवीचा पट्टा त्यांनी मनगटाला गुंडाळला होता. एक जण बनियन धुऊन खिडकीच्या गजावर वाळत घालत होता. एक जण तोच पेपर उलटा करून वाचत होता. तक्त्यावर या साडेसहा तासांसाठी मी एक आडवी रेघ मारली होती. पट्टीनं, सरळ.

मी दारापाशी उभा राहिलो. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. कुणी सरकलं नाही. दहा वाजले. अकरा वाजले. मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होतो आणि परत पहिल्यावर आणत होतो. बाहेर जाऊन झाडाखाली बसता आलं असतं. गेलो नाही.

सव्वाबाराला कोपऱ्यातल्या बाकड्यावरून आवाज आला. रज्जाक पाय पसरून पडला होता, डोळ्यांवर टोपी.

"शमीम आता पाच वाजताच शेजारच्यांकडं जाऊन बसते," तो टोपीखालून म्हणाला. "मी येईपर्यंत."

मी म्हणालो, "रज्जाक..."

"बोलू नको."

त्यानं पाय आखडून घेतले. बाकड्याच्या टोकाला एका माणसापुरती जागा झाली.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. चार वाजेपर्यंत बोललो नाही.